माझा मेलेला समुद्र

२ मार्च, सकाळी साडेसात

आजपासून रोज लिहायचं. गेल्या वर्षी नऊ जानेवारीलाच खंड पडला होता, पण दोष वहीचा होता, शाई फुटायची. या वहीचा कागद चांगला आहे.

ठरवलं ते असं. रोज चाळीस मिनिटं चालायचं. चहात साखर घ्यायची नाही. जेवताना हिच्याशी दगड सोडून इतर विषयांवर बोलायचं. आणि मे महिन्यातल्या परिषदेचं भाषण महिनाअखेरपर्यंत हातावेगळं करायचं. परिषदेचं मुख्य भाषण माझं आहे. पत्रात शब्द 'निमंत्रित, वीस मिनिटं' असे आहेत, पण निमंत्रित म्हणजे मुख्यच.

बाहेर धुकं आहे. चालणं उद्यापासून.

३ मार्च

भाषणाची सुरुवात सोपी हवी. इथेच सराव करतो.

काळा शेल म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा दगड. काळा का, तर त्यात त्या काळच्या जिवांचे अवशेष ठासून भरलेले आहेत. एरवी जीव मेला, तळाला गेला, की कुजतो, कोणीतरी खातं, संपतं. मग या दगडात इतकं कसं टिकलं? जगात दोन मतं आहेत. एक, तळाच्या पाण्यात ऑक्सिजनच नव्हता. खायला, कुजवायला तिथे कोणी जिवंत नव्हतं. दुसरं, वरच्या पाण्यात जीवसृष्टी इतकी उतू चालली होती की वरून पडेल ते सगळं फस्त करणं तळाला झेपलं नाही. पहिलं मत माझं आहे. दुसरं चुकीचं आहे.

पुरावा म्हणजे मॉलिब्डेनम. हा धातू समुद्राच्या पाण्यात थोडा थोडा विरघळलेला असतो. तळ ऑक्सिजनवाचून मेला की तो खालच्या चिखलात जाऊन बसतो. माझ्या शेलमध्ये तो भरभरून आहे. म्हणून एकवीस वर्षांपूर्वी मी लिहिलं की हा समुद्र तळाशी पार मेलेला होता. विभागात त्याला 'सरांचा मेलेला समुद्र' म्हणतात. आदराने.

हिला वाचून दाखवलं. ही पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे कान तयार आहे. म्हणाली, 'दुसरं चुकीचं' याला कारण दिलेलं नाही. म्हटलं, वीसच मिनिटं आहेत.

६ मार्च

लॅबमध्ये नवं मशीन लागलं. लॅबच्या बाई चौदा वर्षं माझ्याकडे आहेत. हात स्वच्छ, स्वभाव शंकेखोर. मशीनची परीक्षा घ्यायला जुने नमुने हवेत म्हणाल्या. मी मोठ्या मनाने म्हटलं, माझेच घ्या, यांच्याइतके खात्रीचे आकडे कुठे मिळणार? जुन्या पावडरी आहेतच, शिवाय त्याच जागेचे दगडाचे ताजे तुकडेही फोडून घ्या.

चाललो नाही. बूट चावतो.

१२ मार्च

मशीन बिघडलेलं आहे.

जुन्या पावडरींमध्ये मॉलिब्डेनम दहा लाख भागांत बावन्न आणि अठ्ठेचाळीस निघालं, म्हणजे माझेच आकडे. पण त्याच दगडाचे ताजे तुकडे बाईंनी अकीकाच्या खलात हाताने कुटले, त्यात निघालं चार आणि तीन. मी म्हटलं, कंपनीच्या माणसाला बोलवा. बाई म्हणाल्या, सर, मशीन बिघडलं असतं तर जुन्या पावडरीचे आकडेही चुकले असते.

हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो.

१३ मार्च

तुकडे जमिनीखालच्या चुकीच्या खोलीवरचे घेतले असणार. दहा नवे करायला सांगितले. चहात अर्धा चमचा साखर. मेंदूला साखर लागते, यात लाड नाहीत, विज्ञान आहे.

१७ मार्च, दुपारी तीन

दहाच्या दहा. तीन, चार, पाच, परत तीन.

बाई कागद घेऊन आल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, जुन्या पावडरींमध्ये क्रोमियमही जास्त आहे. आपली जुनी गिरणी, जिच्यात आपण दगड दळायचो, तिची वाटी पोलादी आहे आणि त्या पोलादात हे दोन्ही धातू असतात. 'सर, हे समुद्रातलं नसेल. वाटी झिजून आलेलं असेल.'

मी म्हटलं, बाई, मोजणं तुमचं काम, अर्थ लावणं माझं. त्या 'हो सर' म्हणाल्या आणि गेल्या. जाताना दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

१८ मार्च

एक गोष्ट उगाच आठवली. तिचा याच्याशी काही संबंध नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. मी तिला 'प्रश्नचिन्ह' म्हणायचो, मग सगळेच म्हणू लागले. प्रेमाने. पाच वर्षं याच शेलवर काम केलं तिने. तिचेही आकडे तीन, चार, पाच असेच यायचे. त्या वेळी गिरणी तीन महिने दुरुस्तीला गेली होती आणि तिने सगळे नमुने खलात हाताने कुटले होते, तळहाताला फोड येईपर्यंत. मी म्हटलं, हा निष्काळजीपणा. तिने दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवला. म्हणाली, सर, या किड्यांच्या बिळांच्या खुणा आहेत, तळ मेलेला होता तर तिथे किडे फिरले कसे? मी म्हटलं, भेगा आहेत.

मग मी समितीला पत्र लिहिलं : 'कामात काटेकोरपणा नाही, निष्कर्षाची घाई आहे.' ती पदवीशिवाय गेली.

निर्णय तेव्हाच्या माहितीवरून योग्यच होता. तेव्हाची माहिती तिनेच आणलेली होती, पण ते असो.

२२ मार्च, रविवार, सकाळी अकरा

बाईंच्या शंकेचा कायमचा निकाल लावायला स्वतः लॅबमध्ये आलो. योजना साधी आहे. स्वच्छ पांढरी वाळू, जिच्यात मॉलिब्डेनम नसतंच, ती जुन्या गिरणीत दळायची आणि मोजायची. काहीच निघणार नाही. मग बाईंना समजावून सांगीन, न दुखावता.

पाऊण वाजला. गिरणीचं झाकण उघडत नाही. शेवटचं मी उघडलं त्याला बारा वर्षं झाली असावीत, बोटाला लागलं. नमुना विरघळवायच्या आम्लाची बाटली कुठे असते ते माहीत नाही. शेवटी बाईंना फोन केला. त्या भाजीची पिशवी घेऊन तशाच आल्या. सुट्टीच्या दिवशी मी इथे काय करतोय, हेही विचारलं नाही. वाळू दळून दिली, शेजारी न दळलेलीही ठेवली, आणि माझ्या बोटाला पट्टी लावून गेल्या.

२६ मार्च

न दळलेली वाळू : जवळजवळ शून्य. दळलेली वाळू : एकतीस.

माझ्या सिद्धांताप्रमाणे ही वाळू ऑक्सिजन नसलेल्या, तळापासून मेलेल्या समुद्रात साचलेली आहे. वाळू मत्स्यालयाच्या दुकानातून आणली होती.

संध्याकाळी चाललो. दोन तास. घराकडे वळायला सुचलंच नाही.

२७ मार्च

शांतपणे विचार केला. तळटीप द्यावी.

२९ मार्च, रविवार

जेवताना हिला सहज सांगितलं, की दळण्याच्या पद्धतीमुळे जुन्या काही आकड्यांत किरकोळ फेरफार संभवतो. हिने घास ताटात ठेवला. विचारलं, तिला कळवलंत?

मी विचारलं, कोणाला? हिने पूर्ण नाव घेतलं. नऊ वर्षांत ते नाव या घरात मी ऐकलं नव्हतं.

मग एकेक बाहेर आलं. तिच्या प्रबंधाचं मुद्रितशोधन हिने केलं होतं. तेव्हा ती घरी यायची, ते मला आठवतं. चौथं प्रकरण वाचून हिला वाटलं होतं की मुलीचं बरोबर आहे. म्हणाली, 'मला दगडातलं कळत नाही, पण त्या प्रकरणात एकही वाक्य हवेत नव्हतं.' ती मुलगी आता पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. बसने चाळीस मिनिटं. दोघी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटतात. मला वाटायचं ही वाचनालयात जाते.

मला का सांगितलं नाहीस म्हटलं. तर म्हणाली, ती नको म्हणाली होती, आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत.

रागावली आहेस का, असं विचारलं. म्हणाली, 'आता नाही. नऊ वर्षांपूर्वी रागावले होते.'

मला ते कळलं नव्हतं. मला वाटत होतं, आमचं घर शांत आहे.

३१ मार्च

भाषणाची मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढवली.

४ एप्रिल

तिला सहा पानी पत्र लिहिलं. सर्व बाजू मांडल्या : त्या काळची साधनं, विभागावरचा ताण, गिरणी बनवणाऱ्यांनी पोलादाची माहिती न दिल्याची गोष्ट. पत्र उमदं झालं आहे. हिला तपासायला दिलं.

परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शेरा, अकरा ठिकाणी : ''आपल्याकडून' म्हणजे कोणाकडून?'

पुन्हा लिहिलं. अर्धं पान झालं.

९ एप्रिल, दुपारी

पाणीशुद्धीकरण केंद्रात जाऊन आलो. परत येताना दोन थांबे पुढे गेलो. आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवतो.

लांब खोली, क्लोरीनचा वास, खिडकीशी पाण्याच्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. अक्षर मी लगेच ओळखलं, तिला ओळखायला क्षणभर लागला. केस बरेच पिकलेत. पांढरा कोट. घड्याळ बघून म्हणाली, बसा सर, पंचवीस मिनिटं आहेत, मग साडेबाराचे नमुने येतील.

मी पार्श्वभूमीपासून सुरुवात करणार होतो. तिने हात पुढे केला, पत्र घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. अर्धं पान, फार वेळ लागला नाही. घडी घालून खिशात ठेवलं.

म्हणाली, 'गिरणीची वाटी. चौथ्या प्रकरणात शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलं होतं मी, की पोलादी वाटी तपासून बघावी.'

मी म्हटलं, वाचलं असेन, निसटलं असेल.

'नाही वाचलंत, सर. बाइंडिंगवाल्याच्या डिंकाने ती दोन पानं चिकटली होती. तुमच्याकडून प्रत परत आली तेव्हाही चिकटलेलीच होती. मी ती सुरीने सोडवली.'

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं असतं तर उत्तर देता आलं असतं. तिने नमुन्याचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

मग मी विचारलं नसताना म्हणाली, तिने तीन ठिकाणी अर्ज केले होते. दोन ठिकाणांनी संस्थेकडे चौकशी केली, त्यांना माझं पत्र गेलं. तिसऱ्याने चौकशी केली नाही, ते हे केंद्र.

मी म्हटलं, परत ये, प्रबंध पूर्ण कर, मी स्वतः लक्ष घालीन. ती हसली. म्हणाली, 'तुम्ही लक्ष घालाल म्हणूनच नको, सर.' मग जरा मऊ आवाजात म्हणाली की इथलं काम तिला आवडतं. अर्ध्या शहराचं पिण्याचं पाणी तिच्या सहीने सुटतं. आकडा विचित्र आला की वरचे साहेब आधी पाणी बंद करतात आणि मग विचारतात, तुझं काय मत?

एकच मागितलं तिने. संस्थेतल्या तिच्या फाइलमध्ये माझं ते पत्र असेल. ते काढावं, नाहीतर त्याच्याशेजारी दुसरं लावावं. 'आता ते कोणी बघणार नाही, मला माहीत आहे. पण ते तिथे आहे, हेही मला माहीत असतं ना.'

सोमवारपर्यंत करतो म्हटलं.

दारापर्यंत सोडायला आली. विचारलं, मग तो समुद्र आता कसा होता म्हणता?

म्हटलं, जिवंत असावा.

म्हणाली, 'असावा?'

तेवढ्यात नमुने आले.

१३ एप्रिल, सोमवार

पत्र घाईने लिहिण्यासारखं नाही. शब्द तोलून वापरायला हवेत. बुधवारी.

१५ एप्रिल

विभागप्रमुखांनी बोलावलं. एके काळी माझ्या हाताखाली होते. बाईंनी त्यांना गिरणीबद्दल रीतसर नोंद दिली आहे. मला वाटलं, माझ्या पाठीमागे. पण तारीख पाहिली तर १७ मार्च, आणि वर लिहिलंय 'प्रत : सर'. ती प्रत माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये सापडली. प्रमुखांनी विचारलं, परिषदेत काय बोलणार? म्हटलं, सत्य. ते म्हणाले, वेळ सांभाळा फक्त.

भाषणाची मुदत ३० एप्रिल.

२० एप्रिल

पत्र झालं. म्हणजे मजकूर मनात तयार आहे. आज कागद चांगला नव्हता.

२३ एप्रिल

हिने विचारलं नाही. काल विचारलं होतं, परवाही. आज विचारलं नाही, आणि त्यामुळे बसून पत्र लिहून टाकलं. सात ओळी : तिचे आकडे बरोबर होते, माझे चूक होते, माझा शेरा मी मागे घेतो. सात ओळींना वीस मिनिटं लागली. दहा दिवस कशात गेले, ते कळत नाही.

२४ एप्रिल, दुपारी बारा

पत्र घेऊन अभिलेख कक्षात गेलो. तळघर आहे, पायऱ्या बेचाळीस. कारकुनाने रजिस्टर पाहिलं, मग दुसरं पाहिलं. म्हणाला, सर, ही फाइल नाही. पदवी न घेता गेलेल्यांच्या फाइली सात वर्षांनी फाडतो. दोन वर्षांपूर्वी गेली.

म्हटलं, कोणाच्या परवानगीने?

त्याने यादी काढून समोर ठेवली. खाली सही माझी होती. त्या वर्षी मी कार्यवाहक प्रमुख होतो, असे पुष्कळ कागद समोर यायचे.

हातातलं पत्र कुठे लावू, असं विचारलं. म्हणाला, लावायला फाइल हवी ना, सर. आणि फाइल उघडायला उमेदवाराचा अर्ज हवा.

बेचाळीस पायऱ्या चढताना दोनदा थांबलो.

२५ एप्रिल

तिला फोन करून सांगितलं. फाडल्याचं सांगितलं, सहीचं सांगितलं नाही. ती म्हणाली, म्हणजे आता खोडायलाही काही उरलं नाही.

मी म्हटलं, परिषदेत सगळ्यांसमोर सांगीन. तुझ्या नावासकट. सगळ्या जगासमोर.

'बरं' म्हणाली.

सहीचंही सांगायला हवं होतं. पुन्हा फोन करीन.

३० एप्रिल

भाषण तयार. चोवीस स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर फक्त तिचं नाव, वर्ष, आणि 'या विद्यार्थिनीने हे नऊ वर्षांपूर्वी दाखवलं होतं'. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरात. परिणाम जबरदस्त होणार. शेवट असाच हवा.

हिला दाखवलं. म्हणाली, चोवीस जास्त होतात. म्हटलं, पार्श्वभूमीशिवाय लोकांना या कबुलीचं वजन कळणार नाही.

बाईंनीही दोन स्लाइड कमी करा म्हटलं. या विषयात त्यांचा अनुभव नाही.

पुन्हा फोन करायचा राहिला.

८ मे

आरशासमोर सराव. सव्वीस मिनिटं. प्रत्यक्षात माणूस भरभर बोलतो.

परिषदेत गदारोळ होईल, त्याची मनाची तयारी केली आहे. दुसऱ्या मताचे लोक टाळ्या पिटतील, वाईट वाटून घ्यायचं नाही. कोणी उठून गेलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढे बोलायचं.

१४ मे, दुपारी चार, परिषदेच्या इमारतीतला बाक

जसं झालं तसं लिहितो.

खुर्च्या साठ, माणसं एकोणीस. त्यातले दोघे पुढच्या भाषणाचे वक्ते. मी सुरुवात केली. शेलचा इतिहास, आमच्या विभागाचा इतिहास, जमिनीत भोक पाडून दगडाचा लांब दांडा, म्हणजे कोअर, आम्ही किती कष्टांनी काढला, पहिल्यांदा मॉलिब्डेनम मोजलं तेव्हा काय वाटलं. लोक ऐकत होते, मला बोलायला छान वाटत होतं. गिरणीवर आलो तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. वाळूचा आकडा सांगितला. माझे एकवीस वर्षांचे आकडे चूक आहेत, असं स्पष्ट, मोठ्याने सांगितलं. आणि गदारोळासाठी थांबलो.

कोणीतरी खोकलं.

एकविसाव्या स्लाइडवर अध्यक्षांनी घंटा वाजवली. म्हटलं, शेवटची एकच दाखवतो. ते हसून म्हणाले, सर, जेवणाची वेळ झाली आहे. टाळ्या झाल्या. पडदा काळा झाला.

बाहेर दुसऱ्या मताचे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. एकवीस वर्षं मी यांच्याशी भांडलो, निदान लेखांमधून. हात हातात घेऊन म्हणाले, सांगितलंत हे चांगलं केलंत. पण तुमचे आकडे आम्ही कोणी वापरतच नव्हतो. पोलादी गिरणीची पावडर म्हटल्यावर ते पंधरा वर्षांपूर्वीच बाजूला ठेवले. वाटलं, तुम्हालाही ठाऊक असेल.

मी विचारलं, मग मला कोणी बोललं का नाही?

म्हणाले, 'तुम्ही चिडता हो.' आणि माझा खांदा थोपटून जेवायला गेले.

या बाकावर दोन तास झाले. हिशेब सोपा आहे, पण जुळायला वेळ लागला. माझ्या मेलेल्या समुद्रावर जगात कोणी विश्वास ठेवत नव्हतं. त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फक्त एका माणसाचं, आणि तिनेही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

साडेतीनला तिला फोन केला. कामावर होती, दोन मिनिटं आहेत म्हणाली. आधी यादीवरची माझी सही सांगितली. ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं.' मग तिने विचारलं, झालं का भाषण?

झालं म्हटलं.

नाव घेतलंत?

म्हटलं, शेवटच्या स्लाइडवर होतं. वेळ संपला. तिथवर पोचलोच नाही.

पलीकडे बाटल्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, 'मग पहिली ठेवायची ना, सर, ती.'

आवाजात राग नव्हता. एखाद्याला बेरजेतली चूक दाखवावी, तसं म्हणाली. तिचे नमुने आले, तिने फोन ठेवला.